मिशन शाळा ते नगर कॉलेज: साताऱ्यातल्या प्रदर्शनाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

चर्चमधली उपासना झाल्यावर हॉलमध्ये सातजण बसलो आणि एकदाचं ठरलं. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आपल्या हॉलमध्ये प्रदर्शन लावायचं. विषय असा की ख्रिस्ती मिशनच्या शाळा आपल्याकडं कशा सुरू झाल्या आणि त्यातनं पुढं अहमदनगर कॉलेज कसं उभं राहिलं. बारा पॅनल, तीन बाय चार फुटी, फ्लेक्सवर. कामाच्या नोंदी मी ठेवायच्या असं पाळकसाहेब म्हणाले म्हणून लिहायला घेतलंय, रोज जमणार नाही, काम होईल तसं लिहीन.

नगरचं कॉलेज साताऱ्यात कशाला, हे मीटिंगमध्येच विचारलं गेलं. माझं एक कारण घरातलं आहे, माझे वडील त्या कॉलेजात शिकले, तिथल्याच वसतिगृहात राहिले आणि आमच्या सगळ्या भावकीत पहिले ग्रॅज्युएट झाले. दुसरं कारण जिल्ह्याचं. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्या खंडाळा तालुक्यातलं, जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, तेही आपल्याच जिल्ह्यात, आणि या दोघांच्या शिकण्याचा धागा मिशनच्या शाळांपर्यंत जातोच. नायगावचं नाव घेतल्यावर मावशींनी लगेच हात वर केला, म्हणाल्या मग करूया. पास झालं.

कामं वाटली. मजकूर मी आणि शाळेतली एक मॅडम, डिझाईन भाचा, खर्चाचं कमिटी बघणार.

२० ऑक्टोबर

पहिला आराखडा केला. मी जो केला तो सगळा इमारतींचा होता, अमुक साली अमुक बिल्डिंग, तमुक साली तमुक हॉल. मॅडमनी वाचला आणि शांतपणे विचारलं, "ह्यात शिकवणारं कोण कुठाय?" बरोबर होतं त्यांचं. विटा मोजून शाळा कशी वाढली ते कळत नाही. परत बसलो.

नवीन क्रम असा. पॅनल १ सुरुवात. १८१३ ला गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघं अमेरिकन मुंबईत उतरले, कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवायची तयारी चालली होती, पण त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. तिथनं अमेरिकन मराठी मिशन. १८३१ ला त्यांनी नगरला ठाणं केलं. पॅनल २ मुंबईचं, स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ ला आले, त्यांच्या बायकोनं, मार्गारेट विल्सन यांनी, आल्या आल्या मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ ला त्या वारल्या. म्हणजे जेमतेम सहा वर्षं मिळाली त्यांना. विल्सनसाहेबांच्या १८३२ च्या इंग्रजी शाळेचंच पुढं विल्सन कॉलेज झालं. शाळेतनं कॉलेज निघतं ते कसं, हे दाखवायला आपल्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

२७ ऑक्टोबर

आज दोन तास फक्त नावावर गेले. ह्याच महिन्यात अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पॅनलवर काय लिहायचं? भाचा म्हणतो आत्ताचं नाव लिहा, लोक विचारतील. मॅडम म्हणतात १८३१ सालच्या वाक्यात २०२४ चं नाव घालता येत नाही. शेवटी असं ठरलं की जुन्या काळाच्या मजकुरात अहमदनगर किंवा नगर, आणि पहिल्याच पॅनलवर खाली एक ओळ, हे शहर आता अहिल्यानगर म्हणून ओळखलं जातं. कॉलेजचं नाव जसं आहे तसंच.

आता दिवाळी, त्यामुळं पंधरा दिवस कोणी भेटणार नाही.

१० नोव्हेंबर

आजचा दिवस फॅरारबाईंचा.

सिंथिया फॅरार. अमेरिकन बोर्डानं, म्हणजे अमेरिकेतल्या मिशनरी संस्थेनं, हिंदुस्थानात पाठवलेली पहिली अविवाहित बाई, १८२७ च्या शेवटी मुंबईत आल्या, वय तिशीच्या पुढं, कोणी नातेवाईक नाही, भाषा येत नाही. १८३९ ला नगरला गेल्या आणि १८६२ ला नगरातच वारल्या. पस्तीस एक वर्षं म्हणजे अख्खं आयुष्यच की. आणि कामाची जात कसली, तर मुली गोळा करायच्या. त्या काळात शाळा काढणं त्यामानानं सोपं होतं, पोरगी शाळेत आणून बसवणं अवघड, आणि आणलेली पोरगी लग्न झाल्यावरही येत राहील हे बघणं त्याहून अवघड. मुलगी शिकली की नवरा मरतो असं लोक खरंच धरून चालायचे.

जोतीराव नगरला आपल्या मित्राकडं, सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडं, गेले होते तेव्हा त्यांनी फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा बघितल्या. त्याचा आपल्यावर परिणाम झाला हे जोतीरावांनी स्वतः सांगून ठेवलंय. ते स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, १८४१ ते १८४७. आणि १८४८ ला भिडेवाड्यात मुलींची शाळा. सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं ट्रेनिंग नगरला फॅरारबाईंकडं आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक तयार करायच्या शाळेत, झालं असं चरित्रकार लिहितात.

मला हे लिहिताना अंगावर काटा आला. नायगावात जन्मलेली, नवव्या वर्षी लग्न झालेली मुलगी शिकते आणि पुढं हजारोंना शिकवायची वाट काढते, आणि त्या वाटेच्या एका वळणावर नगरची ती शाळा आहे. मिशननं सावित्रीबाई घडवल्या असं पॅनलवर लिहायचं नाही, हे मी आजच सगळ्यांना सांगितलं. खोटं होईल ते. त्या आणि जोतीराव आपल्या बळावर उभे राहिले, मिशनपेक्षा कितीतरी पुढं गेले, त्यांची धर्माबद्दलची वाट वेगळी होती. पण शिकवायचं कसं हे कुणीतरी दाखवलं होतं, आणि त्या कुणीतरीचं नाव आपल्या गावात दहा माणसांनाही माहीत नाही.

पॅनल ४ ला फॅरारबाई आणि सावित्रीबाई शेजारी शेजारी.

१७ नोव्हेंबर

आज बाईंकडं गेलो. बाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर शिक्षिका, रिटायर होऊन तीस वर्षं झाली तरी सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं. माईक लावून दिला, दीड तास बोलल्या. खाली त्यातलं थोडं उतरवून ठेवतो.

लहानपणी त्या मिशनच्या खेड्यातल्या शाळेत शिकल्या. एक खोली, चार इयत्ता, एक मास्तर. शनिवारी सकाळी मुली शेणानं जमीन सारवायच्या आणि मुलगे फळा काळा करायचे. फळा कसा काळा करायचा हे बाईंनी हातवारे करून दाखवलं, टॉर्चच्या संपलेल्या सेलमधला काळा भुगा आणि कोळसा दगडानं बारीक कुटायचा, त्यात पानांचा रस घालायचा, मग फडक्याच्या बोळ्यानं फळ्यावर उभं आडवं चोळायचं, वाळला की परत एक हात. म्हणाल्या, "त्या दिवशी बोटं काळी ती पुढल्या बुधवारपर्यंत. भाकरी खाताना आई ओरडायची. पण सोमवारी मास्तरांनी त्या फळ्यावर पहिलं अक्षर काढलं की आमालाच काढल्यागत वाटायचं."

बाई ट्रेनिंगला गेल्या तेव्हा घरातनं विरोध होता. मिशनच्या बाईंनी येऊन आईशी बोलून नेलं. आल्यावर त्याच खेड्यात शिकवायला लागल्या आणि पहिल्या वर्षी ज्या मुली आल्या त्यातल्या दोघी पुढं शिक्षिका झाल्या, एक नर्स.

निघताना मी विचारलं की बाई, तुमचा फोटो पॅनलवर लावू का, नावासकट. नको म्हणाल्या. "माझं नाव नको. फळ्याचं लिही."

लिहिणार. पॅनल ६ फळ्याचं.

२४ नोव्हेंबर

मधला आठवडा गेलाच, दोघी शिक्षिका इलेक्शन ड्युटीला होत्या, वीस तारखेला मतदान. आज पॅनल ३ आणि ५ झाले.

पॅनल ३ वर वाद झाला पण चांगला झाला. प्रश्न असा की मिशनच्या शाळेत बायबल शिकवायचे, धर्मांतराचा हेतू होता, हे लिहायचं की नाही. कमिटीतल्या एका काकांचं म्हणणं, कशाला वाद ओढवून घ्यायचा. माझं म्हणणं लिहायचं. लपवलं तर बाकीच्या अकरा पॅनलवर कोण विश्वास ठेवणार? १८३९ ला मुंबईत विल्सनसाहेबांच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला, कोर्टात केस गेली, आईबापांनी पोरं काढून घेतली आणि शाळा जवळजवळ रिकामी पडली. तरी शाळा परत भरली, कारण शिकवणं चांगलं होतं आणि लोकांना इंग्रजी हवं होतं, धर्म आपला ठेवून लोक शिकायला आले. दोन्ही गोष्टी एकाच पॅनलवर घेतल्या. पाळकसाहेबांनी वाचून सही केली, काकाही शेवटी हो म्हणाले.

पॅनल ५ ज्ञानोदयचं. १८४२ ला नगरला सुरू झालेलं मिशनचं नियतकालिक. १८५५ ला त्यात मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला, फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिनं लिहिलं. हा निबंध संडे स्कूलच्या पोरींना वाचून दाखवला आज. नववीतली एक म्हणाली, "माझ्याच वयाची होती की." बाकीच्या गप्प बसून ऐकत होत्या. पॅनलवर तिच्या वयाचा आकडा मोठा घ्यायचा, १४, लांबनं दिसेल असा.

१ डिसेंबर

आज बोर्डिंगचं. मला वाटतं सगळ्या प्रदर्शनाचं हेच मर्म आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शाळा वाढल्या त्या दोन गोष्टींवर. एक पैसा. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं खाजगी शाळांना सरकारी अनुदान द्यायचं धोरण आलं, त्यात मिशनच्या शाळाही बसल्या, सरकारी तपासनीस बाकीचे विषय बघणार, धर्माच्या तासाशी त्याचा संबंध नाही. त्यामुळं शाळा देणगीवरच लटकून राहिल्या नाहीत.

दुसरी गोष्ट बोर्डिंग. खेड्यातलं पोरगं चौथी झालं की थांबायचं, पुढची शाळा वीस कोसांवर. तिथं राहायची, जेवायची सोय असेल तरच ते पुढं जाणार. त्यात १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा. आईबाप गेलेली पोरं मिशननं आणून ठेवली, शेकड्यानं, नुसती पुस्तकं देऊन भागणार नव्हतं म्हणून सुतारकाम, विणकाम शिकवायला लागले. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली आणल्या त्या १८९६ ते १९०० च्या दरम्यान. दुष्काळानं बोर्डिंगं भरली आणि बोर्डिंगातनं पुढं हायस्कुलं भरली, ट्रेनिंग कॉलेजं भरली. हे लिहिताना आनंद होत नाही, कारण त्या पोरांनी काय गमावून ते शिक्षण मिळालं हे दिसतं. पण झालं ते असं.

मिरजेहून आलेले एक दादा म्हणाले आमचं पण घ्या. घेतलं, एक चौकट. मिशनचे डॉक्टर वानलेस यांनी १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं आणि हाताखाली माणसं मिळेनात म्हणून तिथंच तयार करायला लागले. बाकी ठिकाणीही हेच, गरज पडली की शिकवणं सुरू.

साताऱ्याची एक चौकट ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची. १९१७ ला मिशनच्या पगारी कामातनं बाहेर पडून ते साताऱ्याला आले आणि इथं देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची मंडळी सुरू केली. पुढं दोनच वर्षांत, १९१९ ला, ते गेले.

८ डिसेंबर

घरी माळ्यावरनं वडिलांची पेटी काढली.

काळी पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या ऑईलपेंटनं नाव आणि खाली "मु. सातारा". कोपरे गंजलेत, कडी अजून घट्ट. आत एक हिशेबाची वही, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, म्हणजे १९५९. वडील गेले त्याला अकरा वर्षं झाली, अक्षर बघितल्यावर थोडा वेळ तसाच बसलो. चहा १० न.पै. (नये पैसे), टपाल, साबण, सायकल पंक्चर, आणि दर महिन्याला एक ओळ, "मेस". एका महिन्यात मेसच्या पुढं रक्कमच नाही, नुसतं लिहिलंय "पुढील महिन्यात देतो म्हटले, चालेल म्हणाले." कोण चालेल म्हणाले ते लिहिलेलं नाही. त्या एका "चालेल"वर माझं, माझ्या बहिणीचं, आमच्या पोरांचं सगळं उभं आहे.

वहीचं ते पान स्कॅन करून पॅनल १० वर घेतोय. पेटी टेबलावर ठेवायची, झाकण उघडं.

आता कॉलेजचा मजकूर. नगरला मिशनच्या शाळा १८३१ पासनं, पण कॉलेज आलं १९४७ ला, डॉ. भा. पां. हिवाळे यांनी काढलं, हार्वर्डला शिकून आलेला माणूस. मधली शंभरावर वर्षं नगर जिल्ह्यातलं पोरगं मॅट्रिक झालं की पुण्याला किंवा मुंबईला, नाहीतर नोकरी. म्हणजे ज्याच्याकडं पैसा तोच पुढं. पुणे विद्यापीठसुद्धा तेव्हा नव्हतं, ते १९४९ ला झालं, तोवर सगळं मुंबई विद्यापीठाकडं. आणि १९४७ म्हणजे इंग्रज चालले, मिशनचा परदेशी पैसा किती दिवस येईल सांगता येत नाही, अशा वेळेला एक मराठी ख्रिस्ती माणूस कॉलेज काढतो आणि ते फक्त ख्रिस्ती पोरांसाठी ठेवत नाही, सगळ्या जिल्ह्यासाठी उघडतो. शाळा बाहेरच्यांनी काढली, कॉलेज आपल्या माणसानं काढलं, हा फरक पॅनल ९ वर ठळक टाईपात. संस्था आजही त्यांच्याच नावानं आहे, बीपीएचई म्हणजे भास्कर पांडुरंग हिवाळे एज्युकेशन सोसायटी.

१५ डिसेंबर

मॅडमनी एक गोष्ट लक्षात आणून दिली जी मला आधीच सुचायला हवी होती. १९४७ लाच आपल्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आपल्या अण्णांनी, छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. तेच साल! त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची सुरुवात १९१९, कराडजवळच्या काले गावी, मग साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला, अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र दिलं ती गोष्ट तर साताऱ्यातल्या पोराला पाठच असते. तिथंही आधी बोर्डिंग, मग शाळा, मग कॉलेज. धर्म वेगळा, पैशाची वाट वेगळी, पण भुकेचं गणित एकच होतं, आधी पोराला जेवू घाला.

पॅनल ११ नवीन केलं, डावीकडं नगर, उजवीकडं सातारा, मध्ये १९४७. इमारतींची दोन पॅनल होती ती काढून टाकली.

२१ डिसेंबर

फ्लेक्स आले आणि आठ पॅनलवर जोडाक्षरं फुटलेली. "ख्रिस्ती" मधला र सुटून पुढं गेलाय, "विद्यार्थी" वाचताच येत नाही. फाईल आम्ही पीडीएफ दिली होती, छापणाऱ्यानं ती उघडून त्याच्याकडच्या फॉन्टमध्ये परत टाईप केली, न सांगता. मला फार वाईट वाटलं, भाच्यानं तीन रात्री जागून केलं होतं. बोलणं झालं, निम्म्या पैशात परत छापून देतो म्हणाला. आता फाईल इमेज करून द्यायची, कोणाला हात लावता येणार नाही अशी. नाताळ मध्ये आहे, २८ ला मिळतील.

२९ डिसेंबर

आले, नीट आलेत. करंज्या खात खात हॉलमध्ये तारा बांधल्या, लटकवून बघितले. पॅनल ६ बाईंना दाखवायला त्यांना रिक्षानं आणलं. बाईंनी फळ्याच्या चित्राजवळ जाऊन हात फिरवला, मग म्हणाल्या, "रंग बरोबर नाय. हिरवट पायजे, पानांचा रस असतोय ना."

भाच्यानं लगेच मोबाईलवर लिहून घेतलं. छापून झालंय, पण पुढं प्रदर्शन नायगावला नेऊ तेव्हा तेवढा भाग नवीन चिकटवायचा.

३ जानेवारी २०२५

सकाळी नऊला उघडलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मॅडमनी सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला. आसपासच्या तीन शाळांची पोरं आली, रांगेत. पोरं सगळ्यात जास्त पेटीपाशी थांबली, वहीतलं एकेक वाचत, न.पै. म्हणजे काय सर, पंक्चरला एवढेच? एका मुलानं ती मेसची ओळ मोठ्यांदा वाचली आणि विचारलं, "मग दिले का त्यांनी?" वही पुढं उलटून दाखवली, पुढच्या महिन्यात दोन महिन्यांची मेस लिहिलीये. दिले.

दुपारी खटाव तालुक्यातले एक आजोबा आले, पटका, काठी, सोबत नातू. प्रत्येक पॅनल उभं राहून वाचलं, तासभर. मुक्ताच्या पॅनलपाशी नातवाला म्हणाले, परत वाच. मग पॅनल ४ पाशी मला बोलावलं. "साहेब, कटगुण माण तालुक्यात न्हाई. खटावात हाय. आमचंच गाव शेजारी हाय." बघितलं तर खरंच, आम्ही माण छापलं होतं. माझी चूक, मजकूर मीच दिला होता. त्यांना हात जोडले, मार्कर आणला आणि त्यांच्यासमोर "माण" वर पट्टी लावून "खटाव" लिहिलं. नातवानं पट्टी धरली.

५ जानेवारी

पॅनल उतरवून गुंडाळून ठेवले, प्रत्येकावर मागं नंबर. ४ आणि ६ भाच्याकडं दुरुस्तीला. १९ तारखेला नायगाव, जागेचं बोलणं मावशी करणार आहेत. कटगुणच्या शाळेत लावायला द्याल का असा त्या आजोबांच्या नातवाचा काल फोन आला होता, हो सांगितलंय. पेटी घरी आणली, माळ्यावर ठेवली नाही, बाहेरच्या खोलीत आहे.